भासरा आणि भावजय प्रायव्हेट लिमिटेड

अकोटची जिनिंग विकण्याचा ठराव एक विरुद्ध शून्य मतांनी फेटाळण्यात आला.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजावं. सभा अजून भरायची आहे, तिची नोटीस निघायची आहे, आणि ज्या कंपनीची ती सभा, ती कंपनीच अजून जन्माला आलेली नाही. मी मात्र वकिलीच्या परीक्षेत नापास झालेलो आहे. तेवढं झालेलं आहे, त्याला इलाज नाही.

नापास भाच्याचं काय करावं, या विचारात माझे मामा मोरोपंत वकील अकोल्याला आपल्या बैठकीत बसले होते. तेवढ्यात अकोटचे महादेवराव आले. महादेवराव म्हणजे काळ्या जमिनीचे आणि एका जिनिंग फॅक्टरीचे मालक. फॅक्टरी त्यांची आणि धाकटे भाऊ किसनराव यांची निम्मी निम्मी. त्या पावसाळ्यात किसनराव वारले होते.

मामा म्हणाले, "भागीदार गेला की भागीदारी जाते. आता नवा कायदा झालाय. प्रायव्हेट कंपनी काढा. कंपनीला मरण नाही."

"बिलकुलच नाई?"

"नाही."

"मंग तिचं तेरवं नाई, श्राद्ध नाई?"

"काही नाही."

"काढा," महादेवराव म्हणाले.

मामांनी सांगितलं की कंपनीला निदान दोन सभासद लागतात आणि दोन डायरेक्टर लागतात. एक महादेवराव. दुसरा कोण? अमरावतीचा जावई होता, पण तो बोलायचा फार. चुलतभाऊ होता, पण तो हिशेब मागायचा. महादेवरावांनी पान लावलं, खाल्लं, खिडकीबाहेर थुंकले आणि म्हणाले, "किसनची बायको घ्या. रुख्मिणी. किसनचा हिस्सा तं वारसाच्या नव्या कायद्यानं तसाई तिचाच झाला म्हंता तुमी. लग्न होऊन आली तवापासून माह्यासमोर उभी नाई राह्यली बाप्पा. मी तिचा भासरा. तिचा आवाज कसा हाय, मले मालूम नाई. असा भागीदार साऱ्या वऱ्हाडात भेटन काय?"

"भेटणार नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी नाव लिहून घेतलं.

चूक झाली ती इथं. पण दोघंही हसत होते, म्हणून ती कोणाला दिसली नाही.

पुण्याकडच्या वाचकांसाठी खुलासा. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे कुणबी घरात धाकट्याची बायको भासऱ्यासमोर येत नाही, त्याच्याशी बोलत नाही. तो अंगणात खाकरला की ती आत जाते. आणि ती असेल तिथं तोही बसत नाही. हे दुसरं कलम लोक विसरतात, कारण ते वापरायची वेळ येत नाही. खाकरणं पुरतं.

असो. कंपनी जन्मली. सर्टिफिकेट आलं, त्याला हार घातला, आणि 'कंपनीचं सगळं कायदेशीर बघायला' म्हणून मामांनी मला एस.टी.त बसवून अकोटला पाठवलं. नापास माणसाला कायदा जास्त लक्षात राहतो, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे. पास झालेले विसरतात.

माझ्या लक्षात असं आलं की माणसाचं मूल जन्मलं तर बारसं केलं की भागतं. कंपनीचं तसं नाही. कायदा म्हणतो, कंपनीला नोंदलेला पत्ता पाहिजे. पत्त्यावर पाटी पाहिजे. पाटीवर पूर्ण नाव पाहिजे, वाचता येईल अशा अक्षरात आणि गावच्या भाषेत. सभासदांचं रजिस्टर पाहिजे. सभांचं इतिवृत्त पाहिजे. हिशेबतपासनीस नेमला पाहिजे, शिक्का पाहिजे, आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा पाहिजे.

पत्ता म्हणून महादेवरावांचं घर दिलं. पाटी रंगवायला एक पेंटर बोलावला. तो आजवर फक्त तमाशाचे पडदे रंगवत आलेला. त्याला 'वाचता येईल अशा अक्षरात' हे मीच सांगितलं, आणि त्यानं ते फार मनावर घेतलं. 'महादेव किसन जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी प्रायव्हेट' इथपर्यंत पुढची भिंत संपली. 'लिमिटेड' त्यानं वळण घेऊन बाजूच्या भिंतीवर लिहिलं, गुरांच्या बाजाराकडे तोंड करून. कायद्याने 'लिमिटेड' न लिहिणं हा गुन्हा. त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला आम्ही रोज गुन्हेगार दिसत होतो, आणि बाजूने पाहणाऱ्या बैलांना फक्त 'लिमिटेड' दिसत होतं. बैलांनी तक्रार केली नाही.

शिक्का पितळेचा आला. महादेवराव म्हणाले, कंपनीला मरण नाही म्हणजे ती देवासारखीच. त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. त्याला रोज हळदकुंकू लागू लागलं, ते अक्षरांत भरलं, आणि आमचे सगळे कागद गुलाबी उमटू लागले. मामांनी अकोल्याहून विचारलं की ही शाई कोणती. मी कळवलं, कुलदेवतेची.

डायरेक्टरांची सभा घरीच भरायची. आता यात अडचण होती. कायदा म्हणतो, दोघंही हजर पाहिजेत. रीत म्हणते, दोघं एका जागी नको. मामांना विचारलं. ते म्हणाले, हजर असावं असं कायद्यात आहे, दिसावं असं कुठं लिहिलंय? मग आम्ही अशी व्यवस्था केली: महादेवराव बैठकीत लोडाला टेकून. रुख्मिणीबाई माजघरात, दाराआड. आणि मी उंबरठ्यावर, एक पाय बैठकीत आणि एक माजघरात, म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिलं तरी अर्धा. महादेवराव मला सांगणार, मी तेच दाराआड सांगणार, आणि मंजूर असेल तर बाई दाराची कडी वाजवणार.

"उद्धव, तिले सांग, नवीन पट्टा घ्याचा हाय रेच्याले."

रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचं यंत्र. बाई माझ्यापासून हातभरावर. महादेवरावांपासून दोन हातांवर. मी मान वळवून म्हणायचो, "नवीन पट्टा घ्यायचाय."

खण्.

मी लिहायचो: ठराव एकमताने संमत.

अशी कंपनी झक्क चालली होती. जिनिंगमध्येही दोघांनी रीत आणि धंदा यांचा मेळ घातला होता. सकाळी महादेवराव जात. जेवण करून ते झोपले की दुपारी रुख्मिणीबाई जात, बरोबर रुई झाडणारी म्हातारी तानुबाई. कापसाच्या गाड्या लागल्या की भाव कोण सांगतंय ते उन्हावरून कळायचं. शेतकरी म्हणायचे, "सकाळची जिनिंग मालकाची, दुपारची बाईची." आणि जास्त गाड्या दुपारी यायच्या. हे मी महादेवरावांना सांगितलं नाही, कारण ते कोणत्याही रजिस्टरात लिहावं असा नियम नाही.

मग अमरावतीच्या एका शेठनी जिनिंग मागितली.

महादेवरावांच्या मनात बऱ्याच दिवसांपासून अमरावती होती. तिथं लेक होती, कॅम्पात घर घेऊन ठेवलं होतं, आणि तिथं लोक संध्याकाळी नुसते फिरायला निघतात, काही कामाशिवाय, असं ते मोठ्या आदरानं सांगत. त्यांनी डायरेक्टरांची सभा लावली.

"उद्धव, तिले सांग, जिनिंग विकाची हाय."

मी सांगितलं. कडी वाजली नाही.

"ऐकू नाई आलं वाटते. मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं. रस्त्यावरचा एक गाडीवाला थांबला आणि कितीला, म्हणून विचारू लागला. त्याला वाटेला लावला. कडी वाजलीच नाही. मग आतून आवाज आला. बारीक नव्हता, मोठाही नव्हता. शेजारणीला ताक आहे का विचारावं तसा.

"उद्धवभाऊ, त्यायले विचारा, विकल्यावर मी कुठी राहीन?"

महादेवरावांचं पान गालातच थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो आवाज ऐकला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मीच बोललो.

"तिले सांग, अमरावतीले. आमच्या घरी. सैपाकघराच्या बाजूनं खोली हाय एक."

"त्यायले विचारा, तिथं मी कोन?"

"तिले सांग, घरची बाई. अजून कोन?"

"त्यायले सांगा, इथं मी डायरेक्टर हाय."

महादेवराव माझ्यावर ओरडले, "अबे, हा शबूद तिले कोनं शिकवला?"

"मीच, मालक," मी म्हणालो. "दर सभेच्या सुरुवातीला वाचावं लागतं. हजर डायरेक्टर: दोन."

सभा बरखास्त झाली. मी लिहिलं: ठराव पडून राहिला.

त्या दुपारी जिनिंगवर रुख्मिणीबाईंनी मला बोलावलं. त्या रुईच्या ढिगाशी उभ्या होत्या, डोक्यावरून पदर, नाकातोंडाला रुई. म्हणाल्या, "उद्धवभाऊ, चार जनींच्या चुली मी पाह्यल्या. सासूची, जावेची, नंदेची, अन् एक पाहुनी म्हनून आत्याची. पाचवी मले पायजे नाई. इथं गाड्या येतात, मानसं 'बाई, भाव सांगा' म्हंतात. तिकडं मले कोनी काय इचारन? भाजीत मीठ टाकलं काय, एवढंच." आणि परत गाडीवाल्याकडे वळल्या. त्याने कापूस ओला आणला होता. त्यांनी त्याला असा काही झोडला की मी माझे दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन निघून आलो.

महादेवराव अकोल्याला गेले. मी बरोबर होतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. मामांनी डोळे मिटले की पक्षकाराला वाटतं विचार करतायत.

"डायरेक्टरांत एकमत नाही," ते म्हणाले, "तर सर्वसाधारण सभा बोलवा. तशीही पहिली सभा घ्यायची राहिलीच आहे. सभासद दोघंच. दोघं आले तर गणसंख्या झाली. एकच आला तर अर्धा तास थांबायचं आणि सभा पुढच्या आठवड्यावर ढकलायची, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी. आणि तेव्हाही अर्ध्या तासात दोघं झाले नाहीत, तर..." मामांनी डोळे उघडले. "जितके हजर असतील तितके पुरतात."

"एकटा असला तरी?"

"तुमच्यासाठी, हो."

"म्हंजे ती आलीच नाई पायजे."

"ती घरात असते, दार असतं, दाराला कडी असते, म्हणून येते," मामा म्हणाले. "सभा नोंदलेल्या पत्त्यावरच घ्यावी असं नाही. त्याच गावात दुसरीकडे घेता येते."

महादेवरावांचा चेहरा उजळला. जिनिंगचं ऑफिस! एक खोली, एक दार, एक खिडकी, तीही गजांची. गादी, तिजोरी आणि मी. आत जायला आतली खोलीच नाही. तिथं भावजय येणार कशी?

मामांनी नोटिशीत 'जिनिंग फॅक्टरीत' असं लिहिलं. महादेवरावांनी खोडायला लावलं. "नाई, नाई. 'ऑफिसच्या खोलीच्या आत' असं लिवा. फॅक्टरीत म्हटलं तं ती बाभळीच्या आड बसन अन् डबा वाजवन." मामांनी 'खोलीच्या आत' लिहिलं. महादेवरावांनी बरोबर आणलेला गुलाबी शिक्का मारला. महादेवराव म्हणाले की वकिलापेक्षा आपणच बारीक पाहतो, आणि मामांनी ते मान्य केलं, कारण त्यांनी फी घेतलेली होती.

आणखी एक कलम होतं: सभा कामकाजाच्या वेळातच घ्यावी. सुट्टीच्या दिवशी नको. महादेवरावांनी बुधवार सकाळ घेतली. हंगाम ऐन भरात. आवारात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. हा वेळ आपला, असं त्यांना वाटलं.

पहिल्या बुधवारी खोलीत महादेवराव, मी आणि चहा. अर्धा तास थांबलो. कोणी आलं नाही. महादेवरावांनी मला लिहायला लावलं: गणसंख्येअभावी सभा तहकूब. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं, देवाचं स्तोत्र असल्यासारखं.

दुपारी रुख्मिणीबाई आल्या. तानुबाई मागे झाडू घेऊन.

"झाली सभा?"

"तहकूब झाली."

"म्हंजे?"

"पुढल्या बुधवारी. याच वेळी, याच खोलीत."

"अन् तवाबी मी नाई आली तं?"

महादेवरावांनी मला हे सांगू नको म्हणून बजावलं होतं. पण मी कंपनीचा नोकर, आणि कंपनीत त्या निम्म्या होत्या. म्हणून मी निम्मं सांगायचं ठरवलं. कलम उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, की तहकूब सभेला अर्ध्या तासात गणसंख्या झाली नाही तर जे सभासद हजर असतील तेच गणसंख्या समजावेत.

"जे हजर असन ते," बाई म्हणाल्या.

"हो."

"एक असला तं?"

"मामा म्हणतात एक चालतो."

"कोनता एक, हे लिवलं हाय?"

मी कलम पुन्हा वाचलं. मग तळटीप वाचली. मग पानाच्या मागची बाजू पाहिली.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि तानुबाईला म्हणाल्या, "बुढे, हे ऑफिस जरा झाडून घे वं. धूळ लय हाय."

पुढल्या बुधवारी मी सभेच्या आधीच ऑफिसात गेलो तर खोली लख्ख. आणि गादीवर, लोडाला न टेकता, मांडी घालून रुख्मिणीबाई. पदर डोक्यावर, तोंड दाराकडे. तानुबाई दाराबाहेर सावलीत पाय पसरून तंबाखू मळत होती.

"बाई," मी म्हणालो, "मालक येतील."

"येऊ द्या ना. त्यायचीच सभा हाय."

महादेवराव आले. रांगेतल्या गाडीवाल्यांना रामराम करत, मफलर उडवत आले. दाराशी येऊन त्यांना गादीवर लुगडं दिसलं. ते चटकन मागे झाले, भिंतीआड गेले आणि खाकरले.

एवढी वर्षं त्या खाकरण्यानं एक बाई उठून आत जात आली होती. त्या दिवशी आत जायला आत नव्हतं. बाहेर जायचं तर एकच दार, आणि त्या दाराशी तेच उभे. रुख्मिणीबाई बसून राहिल्या.

महादेवराव पुन्हा खाकरले. या खेपेला जरा लांब.

"उद्धवभाऊ," बाई म्हणाल्या, "कोनाले खोकला झाला काय? सुंठ द्या."

गाड्यांच्या रांगेतून कोणीतरी हसलं. एका बैलाची घंटा वाजली. महादेवरावांनी बाहेरूनच हाक मारली.

"उद्धव, तिले सांग, बाहेर ये."

"बाई, बाहेर या म्हणतायत."

"त्यायले सांगा, सभा खोलीच्या आत हाय."

"मालक, सभा खोलीच्या आत आहे."

"माहीत हाय बे मले! मीच लिवलं!" जरा थांबून, "हे बघ. मी इथं बाहेर खुर्ची टाकून बसतो. दारापाशी. हजर लिव मले."

मला लिहायला काहीच हरकत नव्हती. पण नोटीस समोर होती, आणि मी नापास झालेला माणूस, मला कायदा मोडवत नाही. मी म्हणालो, "मालक, तुम्हीच खोलीच्या आत असं घालायला लावलंत."

"तं मग दोन्ही पाय बाहेर, डोकं आत," महादेवराव म्हणाले.

मी कलम पाहिलं. डोक्याबद्दल काही नव्हतं.

बाहेर गाडीवाले एकमेकांना सांगत होते की मालकाची भावजयीशी सभा आहे. एकाने दुसऱ्याला विचारलं, सभा म्हंजे कायची रे. तो म्हणाला, ते आत जाऊ शकत नाई, त्याची. काम थांबलं. रेचे चालू होते, पण कोणी कापूस टाकत नव्हतं, त्यामुळे ते नुसतेच खडखडत होते, एखाद्या सभेत टाळ्या वाजाव्यात तसे.

मग महादेवरावांनी जे केलं त्याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. ते पाठ करून आत आले. खरंच. मफलर डोक्यावरून घेतला, तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे, आणि एक एक पाऊल मागे टाकत खोलीत शिरले. दाराच्या चौकटीला खांदा लागला. मी म्हणालो, "मालक, डावीकडे." ते डावीकडे सरकले, हातानं भिंत चाचपली आणि खिडकीखालच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीला डोळे नसतात. रीत मोडली नाही.

"लिव," ते भिंतीला म्हणाले. "हजर, दोन. अध्यक्ष, मी. अन् मतं सारखी पडली तं अध्यक्षाचं एक जास्तीचं मत. वकिलानं सांगतलं मले."

ते खरं होतं. मामा नालायक असले तरी कायद्यात पक्के. मी रुख्मिणीबाईंकडे पाहिलं. अध्यक्ष निवडायचा तर हजर सभासदांनी हात वर करायचे. मी तसं म्हणालो. महादेवरावांनी भिंतीला हात दाखवला. बाईंनी आपला हात वर केला. एक आणि एक. महादेवराव भिंतीला म्हणाले, "मी मोठा हाय वयानं. मंग मीच."

बाहेर खिडकीच्या गजांना पाचसहा नाकं चिकटली होती. तानुबाई तंबाखू मळायची थांबली होती. मला वाटलं, गेली जिनिंग. माझ्या हातात पेन होतं आणि मला त्या क्षणी ते वाळून जावं असं वाटत होतं.

रुख्मिणीबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. 'उद्धवभाऊ' नाही, 'त्यायले सांगा' नाही. त्यांनी पदर नीट केला आणि सरळ, मधलं कोणी न धरता, म्हणाल्या:

"मोठे मालक."

महादेवरावांचे खांदे वर गेले. माणसाच्या मानेवर थंड पाणी पडल्यावर जातात तसे.

"मोठे मालक, तुमी लय वर्सं मले न पाहता माह्या घराचं सारं ठरवलं. आज जिनिंग विकाची हाय ना? मंग इकडे तोंड करा अन् विका."

रेचे खडखडत होते. महादेवरावांची मान थोडी वळली. एक कान दिसला, मिशीचं टोक दिसलं. तिथं ते थांबले. सगळं अकोट खिडकीत होतं आणि त्यांना फक्त अर्धी मान वळवायची होती, आणि ती वळेना.

"माह्यानं नाई होत," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. बहुतेक भिंतीला.

ते उठले, मफलर तोंडावर ओढला, भिंतीला हात लावत लावत दाराशी गेले आणि बाहेर पडले. गाडीवाल्यांनी वाट करून दिली. कोणी हसलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मी हसलो असतो.

अर्धा तास व्हायला थोडा वेळ होता. आम्ही थांबलो. कायदा म्हणजे कायदा. मग मी वाचलं: हजर सभासद, एक. गणसंख्या, पूर्ण. अध्यक्ष म्हणून रुख्मिणीबाईंचं नाव रुख्मिणीबाईंनी सुचवलं. अनुमोदन मागितलं तर तानुबाई बाहेरून "घ्या" म्हणाली, पण ती सभासद नसल्याने ते नोंदवलं नाही. जिनिंग विकण्याचा ठराव मी मांडला. बाईंनी विरोधात हात वर केला. बाजूने कोण, म्हणून मी रीतसर भिंतीला विचारलं. भिंतीनं उत्तर दिलं नाही.

"संपली?" बाई म्हणाल्या.

"संपली."

"मंग त्या ओल्या कापूसवाल्याले बोलवा. त्यानं आज पुन्हा आनला हाय."

संध्याकाळच्या एस.टी.ने महादेवराव मला घेऊन अकोल्याला गेले. मामांच्या बैठकीत बसल्यावर म्हणाले, "एकट्या बाईची सभा होते काय हो कुठी? रद्द करा."

मामांनी डोळे मिटले. "मागे मीच सांगितलं होतं की होते."

"तं मंग आता नाई होत म्हना!"

"एकाच पक्षकाराला दोन कायदे सांगता येत नाहीत," मामा म्हणाले. "फी वेगळी पडते." आणि डोळे उघडून जरा हळू म्हणाले, "महादेवराव, चालू द्या ना. तिला जिनिंग चालवू द्या, तुम्ही अमरावतीला जा, संध्याकाळी फिरा. तुमचा हिस्सा तुमचाच आहे."

"फिराचं मी फिरीन," महादेवराव म्हणाले. "पन माघार नाई घेत. पुढच्या वर्षी पुन्हा सभा हाय ना? मले तयारी पायजे. उद्धव, काढ कागद, कंपनीच्या रजिस्ट्राराले अर्ज लिव."

मी म्हणालो की रजिस्ट्रार असल्या गोष्टींत पडत नाहीत. ते म्हणाले, न पडायला काय झालं, सरकार साऱ्याच गोष्टींत पडून राह्यलं आजकाल. मी लिहायला घेतलं. त्यांनी सांगितलं, मी भाषा बसवली, आणि देव्हाऱ्यातला शिक्का ते खिशात घालून आले होते, तो मारला. अर्ज खालीलप्रमाणे.

"मेहेरबान कंपनी निबंधक साहेब यांचे सेवेशी. अर्जदार वरील कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर असून सदर कंपनीच्या सर्वसाधारण सभेत जातीने हजर राहण्यास गेला असता, दुसऱ्या सभासद, अर्जदाराच्या नात्याने भावजय, यांच्या तेथे बसलेल्या असण्यामुळे अर्जदारास रिवाजाप्रमाणे बाहेर जावे लागले. कायद्यात भासरा या नात्याची कोठेही तरतूद दिसून येत नाही. तरी साहेबांनी कृपावंत होऊन, यापुढील सर्व सभांत अर्जदाराचे खोलीबाहेर असणे हेच खोलीच्या आत असणे समजण्यात यावे. आणि ते नियमात बसत नसल्यास, सदर बाईने अर्जदारासमोर पूर्वीप्रमाणे लाजावे असा लेखी हुकूम सरकारी शिक्क्यानिशी काढून त्याची एक प्रत बाईस व एक प्रत अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती."